याकोबाचे पत्र क्रमाने वाचताना

वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी उचलण्याची प्रथा आमच्या भागातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये आहे. वेदीजवळ थाळीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात, प्रत्येक कुटुंबातला एक जण पुढे जाऊन एक उचलतो, आणि तीत निघालेले वचन हे त्या घराचे येत्या वर्षाचे वचन मानले जाते. ही प्रथा मला आवडते व ती मोडावी असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र अनेक वर्षे त्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे थाळीत काय असते आणि काय कधीच नसते, हे मला चांगले ठाऊक आहे. स्तोत्र 23, स्तोत्र 91, यशया 41:10, फिलिप्पैकरांस 4:13 आणि यिर्मया 29:11 ही वचने हमखास असतात. श्रीमंतांनी आपल्यावर येणाऱ्या संकटांबद्दल रडून आकांत करावा, हे नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचे पहिलेच वचन कोणाच्या वाट्याला आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

यिर्मया 29:11 तर आमच्याकडे चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलेले असते. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, हा त्याचा आशय नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाला धीर देतो, आणि त्यात गैर काही नाही. पण तो अध्याय मुळात बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमेहून पाठवलेले पत्र आहे. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सारे परत येतील असे सांगून टाळ्या मिळवतो, तर यिर्मया सांगतो की सत्तर वर्षे लागतील, तोवर घरे बांधा, मळे लावा, लेकरांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले, त्यांतील बहुतेकांना परतीचा दिवस पाहायला मिळणार नव्हता. हे सर्व ध्यानात घेऊन अकरावे वचन वाचले की ते आजची मुलाखत यशस्वी होईल अशी हमी देत नाही. परक्या शहरात आयुष्य काढायला लागणारे बळ मात्र देते. आपल्याला हवे ते वचन शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, वेचून घेतले की शास्त्र आपल्याच मनातले आपल्याला परत ऐकवू लागते, अशी माझी खात्री होत गेली होती, आणि म्हणून एखादे पुस्तक पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत, काहीही न गाळता, रोजच्या व्यवहाराला लावून पाहावे असे मनात होते.

आमचा शनिवारच्या संध्याकाळचा अभ्यासगट लहानच आहे. मी स्वतः सहकारी संस्थेत हिशेबनीस होतो व आता निवृत्त झालो आहे. गटात एक सरकारी रुग्णालयातील सिस्टर आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत, शब्बाथशाळा, म्हणजे रविवारची धर्मशिक्षणाची शाळा, चालवणाऱ्या दोन बहिणी आहेत, नुकतेच लग्न झालेले एक जोडपे आहे आणि ज्यांना सगळे आत्या म्हणतात अशा, ज्ञानोदयचे जुने अंक बांधून ठेवणाऱ्या एक वयस्क बाई आहेत. नगरच्या ख्रिस्ती घरांत अशी वाचनाची सवय असणारी एक तरी व्यक्ती अजून सापडते. अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली सुरू केलेले ते नियतकालिक आणि रेव्हरंड टिळकांची पदे हा आमच्याकडे केवळ इतिहास नाही. दर शनिवारी आरंभी उपासना संगीत या गीतसंग्रहातले एक पद म्हटल्याशिवाय आत्या शास्त्र उघडू देत नाहीत.

पुस्तक कोणते घ्यावे यावर थोडी चर्चा झाली. शब्बाथशाळेच्या बहिणींना रूथ हवे होते व वाहककाकांना प्रकटीकरण, कारण त्यावर बोलायला पुष्कळ असते. पाळकसाहेबांनी याकोब सुचवला. पाच अध्याय, एकशे आठ वचने, आणि पहिल्या ओळीतला नमस्कार सोडला तर सरळ कामाचे बोलणे. परंपरेनुसार हा याकोब म्हणजे प्रभू येशूचा भाऊ, यरुशलेमेच्या मंडळीचा प्रमुख. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात विदेशी विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे ओझे घालू नये असा निर्णय देणारा तो हाच, आणि इ. स. 62 च्या सुमारास यरुशलेमेत त्याला दगडमार करून मारल्याचे योसेफस हा यहूदी इतिहासकार नोंदवतो. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर याला हे पत्र फारसे रुचले नव्हते. विश्वासाने नीतिमान ठरण्याच्या प्रेषित पौलाच्या शिकवणीपुढे त्याला हे हलके वाटले व 1522 सालच्या आपल्या प्रस्तावनेत त्याने याला गवताचे पत्र म्हटले. मला मात्र रोमकरांस चौथा अध्याय आणि याकोबाचा दुसरा अध्याय शेजारीशेजारी ठेवून वाचताना विरोध जाणवत नाही. दोघेही उत्पत्ती 15:6 चाच आधार घेतात. पौल हे विश्वासाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलतो आणि याकोब आत येऊन वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाशी बोलतो. आम्ही दुसऱ्या प्रकारात मोडतो.

पद्धत साधी ठेवली. एका बैठकीत चार-सहा वचनांपेक्षा जास्त घ्यायची नाहीत. उतारा दोघांनी मोठ्याने वाचायचा, मग काही वेळ कोणी बोलायचे नाही. त्यानंतर ते शब्द मूळ ऐकणाऱ्यांना कोणत्या प्रसंगात लागू पडले असतील याचा विचार करायचा, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्या वहीत येत्या आठवड्यात करायची एकच गोष्ट लिहायची. तीत माणसाचे नाव आणि वार असलाच पाहिजे, ही पाळकसाहेबांची अट होती. 'मी अधिक प्रेमळ होईन' असे लिहिलेले चालणार नव्हते. पुढच्या शनिवारी ती गोष्ट झाली की नाही एवढेच सांगायचे, कारणमीमांसा करायची नाही. आत्यांनी पहिल्याच दिवशी, आपण काय गृहपाठ तपासायला जमतो का, असे विचारून नापसंती दाखवली होती, पण पुढे सर्वांत नेमकी वही त्यांचीच निघाली.

पहिल्या अध्यायात ऐकण्यास तत्पर, बोलण्यास सावकाश आणि रागास मंद असण्याविषयीचे वचन येते, आणि तिसऱ्या अध्यायात जिभेचे प्रसिद्ध प्रकरण येते. या दोन्हींवर आमच्याकडून फार काही साधले असे मी म्हणणार नाही. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर वादाचा संदेश आला तर सकाळपर्यंत उत्तर द्यायचे नाही, असे आम्ही काही जणांनी ठरवले आणि ते बऱ्यापैकी पाळलेही गेले. समोरासमोरच्या बोलण्यात मात्र रात्र मध्ये घालण्याची सोय नसते. एकाच तोंडातून आशीर्वाद व शाप निघतात हे याकोबाचे वाक्य वाचल्यावर वाहककाका म्हणाले की त्यासाठी फार लांब जायला नको, शेवटचे पद संपल्यापासून कंपाउंडच्या फाटकापर्यंत चालत गेले तरी पुरते. जिभेला वश करणे कोणाही मनुष्याला शक्य नाही असे याकोब स्वतःच लिहितो, त्यामुळे त्या प्रकरणावर आम्ही रेंगाळलो नाही.

दुसऱ्या अध्यायाने मात्र खरी परीक्षा घेतली. सभेत सोन्याची अंगठी व झगझगीत वस्त्रे घातलेला माणूस आला की त्याला चांगल्या जागी बसवायचे आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभे राहा किंवा पायांशी बस म्हणायचे, या वागण्याला याकोब पक्षपात म्हणतो आणि असे करणाऱ्यांना दुष्ट विचारांचे न्यायाधीश ठरवतो. आमच्या गटातले तिघे मंडळीच्या कमिटीवर आहेत, आणि नाताळच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत पाहुण्यांसाठी पांढरी कव्हरे घातलेले सोफे मांडले जातात, ही गोष्ट सर्वांच्याच डोळ्यांपुढे आली. तिघांच्याही वहीत त्या आठवड्यात एकच वाक्य होते, की कमिटीच्या बैठकीत हा विषय काढायचा.

विषय काढला आणि अपेक्षेप्रमाणे तापला. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की त्याच पाहुण्यांच्या प्रयत्नांनी आपल्या कब्रस्तानाकडे जाणारा रस्ता झाला, पावसाळ्यात प्रेत खांद्यावर घेऊन चिखल तुडवण्याचा त्रास संपला, आणि ज्याला मान द्यायचा त्याला मान द्या असे पौलानेही रोमकरांस तेराव्या अध्यायात लिहिलेले आहे. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. त्यावर बराच वेळ बोलणे झाल्यावर जे ठरले ते असे की पाहुण्यांचे स्वागत व्यासपीठावर रीतसर करायचे, परंतु बसण्याची जागा सर्वांना एकाच प्रकारच्या खुर्चीची द्यायची, आणि पहिली रांग ज्यांना ऐकू कमी येते किंवा पायऱ्या चढता येत नाहीत अशांसाठी राखायची. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे आले, तिसऱ्या रांगेत बसले, भाषण करून गेले. त्यांना काही वेगळे वाटल्याचे दिसले नाही. खटकले ते आपल्याच काही लोकांना, ज्यांना पाहुण्यांच्या शेजारच्या सोफ्यावर बसण्याची सवय होती. याकोबाचा रोखही अंगठीवाल्या माणसावर नाही, त्याला जागा दाखवणाऱ्यांवर आहे, ही गोष्ट मला तोवर इतकी स्पष्ट दिसली नव्हती.

त्याच अध्यायात पुढे, उघड्या आणि उपाशी भावाला किंवा बहिणीला सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा असे नुसते म्हणण्याचा काय उपयोग, असा प्रश्न येतो. आमच्या समाजात याची जागा एका वाक्याने घेतलेली आहे, ते म्हणजे 'प्रार्थनेत आठवण ठेवतो.' हे वाक्य खोटे नसते, पण ते म्हटले की भेट संपवता येते. सिस्टरांनी असे सुचवले की हे वाक्य म्हणायचेच, पण त्याला जोडून लगेच, आज तुम्हांला कशाची गरज आहे, हे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. त्या स्वतः वॉर्डात रोज आजारी माणसे पाहतात, त्यामुळे त्यांना हे सुचणे साहजिक होते.

त्या सुमारास मंडळीतील एका गृहस्थांना रुग्णालयात ठेवले होते व मदतीसाठी वर्गणी काढावी असे बोलणे चालले होते. वाहककाका भेटायला गेले, प्रार्थना केली आणि ठरल्याप्रमाणे त्यांच्या पत्नीला तो प्रश्न विचारला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पैशाचं होईल काहीतरी. मला एक रात्र घरी जाऊन झोपायचंय." वर्गणीच्या यादीत ही गरज कोणालाच सुचली नव्हती. काकांनी आयुष्यभर मुक्कामी गाड्या केल्या असल्यामुळे बाकावर रात्र काढण्याचे त्यांना काही वाटत नव्हते. ते त्या रात्री थांबले आणि नंतर आम्ही पाळ्या लावून घेतल्या. वर्गणीही झाली, पण ती नंतर.

चौथ्या अध्यायात, आज किंवा उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करून नफा मिळवू असे म्हणणाऱ्यांना याकोब सांगतो की प्रभूची इच्छा असेल तर असे म्हणा. याचा आमच्याकडे एक गमतीदार परिणाम झाला. गटातले तरुण जोडपे पुण्याला बदलीच्या विचारात होते, त्यांनी ते वचन मनापासून घेतले व घाईचा निर्णय लांबणीवर टाकला, हे चांगले झाले. पण इतर काही जण कमिटीच्या कामाला येणार का असे विचारले की 'प्रभूची इच्छा असेल तर' असे म्हणू लागले, आणि त्याचा अर्थ येणार नाही असा असतो हे सर्वांना कळू लागले. पाचव्या अध्यायातले बारावे वचन, तुमचे होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, हे त्यावरचे उत्तर आहे असे पाळकसाहेबांनी हसत सांगितले. हेच शब्द प्रभूने डोंगरावरील प्रवचनात उच्चारलेले आहेत. याकोबाच्या पत्रात त्या प्रवचनाचे असे पडसाद अनेक ठिकाणी ऐकू येतात.

पाचव्या अध्यायाचे चौथे वचन आले तेव्हा मात्र मला माझ्या वहीत दुसऱ्या कोणाचे नाव लिहिण्याची मोकळीकच उरली नाही. ज्या कामकऱ्यांनी तुमची शेते कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी पडला आहे, असा त्याचा आशय आहे. नेवासे तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. मुळा धरणाच्या कालव्याचे पाणी असल्यामुळे त्यात ऊस आणि कांदा होतो, धाकटा भाऊ ती पाहतो, आणि कागदोपत्री अर्धी माझी आहे. आमच्या जिल्ह्यात हे वचन वाचले की प्रथम डोळ्यांपुढे येतात ते ऊसतोड मजूर. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या व ट्रॅक्टरमधून ते येतात, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती उचल फेडली जाते. त्यांची मजुरी कारखाना, वाहतूकदार व मुकादम या साखळीतून जाते आणि शेतकऱ्याच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च आधीच वजा होतो, त्यामुळे शेतकऱ्याला ती आपली जबाबदारी वाटतच नाही. याविषयी गटात पुष्कळ बोलणे झाले, परंतु आमच्यापैकी कोणाच्याही हातात ती साखळी नव्हती. जे आपल्या हातात नाही त्यावर हळहळणे हा वचनापासून निसटण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो, म्हणून मी आमच्या हातात काय आहे ते पाहायला गावी गेलो.

आमच्या हातात होती खुरपणीच्या बायकांची मजुरी. शेजारच्या वस्तीवरून बायकांची टोळी खुरपणीला, कांदा लावायला आणि काढायला येते. रोजाचा दर ठरलेला असतो, हजेरी भावजयीच्या डायरीत मांडली जाते आणि हिशेब बाजारच्या दिवशी होतो. मात्र उसाचे बिल लांबले की हिशेबही लांबतो, आणि ही रीत एकट्या आमच्या घरची नाही, साऱ्या शिवारात तीच आहे. भावाशी मी हे बोललो तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "दादा, मला तरी कुठं मिळालेत?" त्याचे म्हणणे खरे होते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पुरवल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाल्यास वर्षाला 15 टक्के दराने व्याज द्यायला हवे. हे दोन्ही आकडे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असतात, त्यासाठी मोर्चेही निघतात. मी भावाला एवढेच विचारले की हेच 14 दिवस त्या बायकांना आपल्याकडे मागता येतील का. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी शास्त्र घेऊन माझ्याजवळ येऊन बसला.

आम्ही त्या रात्री नियमशास्त्रातील मूळ आज्ञा काढून वाचल्या. लेवीय 19:13 प्रमाणे मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ राहू द्यायची नाही. अनुवाद या नावाच्या पुस्तकात, 24:14-15 मध्ये, त्याचे कारणही दिले आहे. मजूर आपल्या बांधवांपैकी असो की परका असो, त्याला त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोब जे लिहितो ते याच आज्ञांवर उभे आहे, आणि मालकाला स्वतःचे येणे मिळाले असेल तर, अशी सवलत दोन्हींत कोठेही नाही.

तेव्हा रोज संध्याकाळी पैसे द्यायचे असे आम्ही दोघा भावांनी ठरवून टाकले. कांद्याच्या पट्टीतून काही रक्कम वेगळी काढून ती केवळ मजुरीसाठी ठेवायची आणि खाते भावजयीच्या नावे उघडायचे, इतपत सगळे आखून झाले. दुसऱ्या दिवशी बांधावर भावजयीने ही गोष्ट बायकांना सांगितली तेव्हा त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई खुरपे टेकवून उभी राहिली आणि म्हणाली, "रोज नगं बाई. सांजच्याला पैसा हातात आला की रातीला घरात ऱ्हात न्हाई." बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाजाराच्या सकाळी पैसे मिळाले तर त्या परस्पर बाजारात जाऊन किराणा घेतात, आणि तो पैसा दारूत किंवा उसनवारीत जात नाही. दोघींनी मात्र, आम्हांला रोजच पाहिजे, असे स्पष्ट सांगितले, कारण त्यांच्या घरी लहान मुले होती आणि दुधवाला रोज येत होता.

म्हणजे शास्त्रातील अक्षर आम्ही पाळायला निघालो होतो आणि ते ज्यांच्यासाठी लिहिले त्यांनीच ते वेगळ्या प्रकारे पाळायला सांगितले. शनिवारी मी हे गटात मांडल्यावर बरीच मतमतांतरे झाली. शब्बाथशाळेच्या बहिणींपैकी एकीला वाटले की आज्ञेत सूर्यास्त म्हटले आहे तर सूर्यास्तच धरावा. मला स्वतःला अनुवादातील कारण अधिक वजनाचे वाटते. मजुराचा जीव ज्यावर लागलेला आहे तो पैसा किती दिवस व कोणाकडे ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार मालकाकडून काढून घेणे, हा त्या आज्ञेचा गाभा आहे, आणि आमच्या शेतात आता तो दिवस बायका ठरवतात. डायरीत प्रत्येकीच्या नावापुढे भावजय रो किंवा बा असे अक्षर लिहिते, रोज किंवा बाजार. बाजाराच्या दिवशी सकाळी सुट्या नोटा मोजून घड्या करून ठेवते आणि पैसे दिले की अक्षराला गोल करते. पाटाचे पाणी उशिरा आले त्या हंगामात ती वेगळी ठेवलेली रक्कम संपली आणि भावाने पतसंस्थेतून हातउसने काढले, तेव्हा घरात कुरबुर झाली. त्याचा हिशेब मी अर्धा उचलतो, अर्धी जमीन माझी असल्यामुळे ते उचितही आहे.

त्यापुढची वचने शेतकऱ्याचीच आहेत. भूमीच्या मोलवान पिकासाठी शेतकरी पहिला आणि शेवटचा पाऊस येईपर्यंत धीर धरतो, असे याकोब लिहितो. त्याच्या देशात पहिला पाऊस पेरणीच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येतो आणि शेवटचा पीक भरताना, मार्च-एप्रिलात. आमच्याकडील जिरायत भागात रब्बी ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते आणि हस्ताने दगा दिला की दाणा भरत नाही, त्यामुळे हे वचन समजावून सांगण्याची गरज कोणालाच पडली नाही. आत्यांना 1972 चा दुष्काळ आठवतो, त्यांचे वडील तेव्हा रोजगार हमीच्या खडीकामावर होते. त्या म्हणाल्या की धीर धरणे म्हणजे आभाळाकडे बघत बसणे असे ज्याला वाटते त्याने दुष्काळ पाहिलेला नाही.

आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे मंडळीतील नेमलेल्या ज्येष्ठांना, बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी, या चौदाव्या वचनाविषयी आमची थोडी अडचण झाली. कॅथलिक बांधवांमध्ये आजाऱ्यांचा अभ्यंग हा संस्कारच आहे, आमच्या उपासनापद्धतीत मात्र तेल फारसे वापरात नाही, आणि आरोग्यसभांच्या जाहिराती पाहून पाहून आमच्यातील कित्येकांना तेलाच्या बाटलीचाच संशय येतो. सिस्टरांचे मत मला पटले. लूकच्या दहाव्या अध्यायातील शोमरोनी मनुष्यही जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, म्हणजे तेल हा त्या काळी घरोघरचा उपचार होता, आणि याकोबाने उपचार व प्रार्थना एकाच हाताने करायला सांगितले आहे. त्याप्रमाणे एका अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध सभासदांच्या घरी पाळकसाहेब व दोन वडील गेले. गोळ्यांचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले, सुकलेल्या पायांना खोबरेल लावले आणि प्रार्थना केली. ते बरे होऊन उठले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात ते प्रभूमध्ये निजले, आणि तोपर्यंत कोणी ना कोणी आठवड्यातून एकदा त्या पायांना तेल लावायला जात राहिले.

सोळाव्या वचनातील, आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा, ही आज्ञा आमच्याकडून अमलात आली नाही. वहीत तसे कोणी लिहिले असल्यास ते त्यांच्यापाशीच राहिले. लहान गावातल्या लहान मंडळीत सांगितलेली गोष्ट कोठे जाऊन पोहोचते याचा अनुभव सर्वांनाच आहे. तिसरा अध्याय ज्यांना साधला नाही त्यांना पाचव्याचे सोळावे वचन साधणे कठीण, हे मला त्यात दिसले.

पत्राची शेवटची दोन वचने सत्यापासून बहकलेल्या भावाला परत आणण्याविषयीची आहेत, आणि तेथे पत्र एकदम थांबते. पौलाच्या पत्रांसारखा निरोपाचा नमस्कार नाही, कृपा असो असा आशीर्वादही नाही. ही वचने वाचताना मंडळी सोडून गेलेल्या एका गृहस्थांचे नाव जवळजवळ सर्वांच्या वहीत आले. काही वर्षांपूर्वी सभागृहाच्या दुरुस्तीच्या हिशेबावरून त्यांचा कमिटीशी वाद झाला होता व ते दुसऱ्या मंडळीत जाऊ लागले होते. पाळकसाहेब व मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, चौकशी केली आणि विषय निघाल्यावर म्हणाले की मी तेव्हा दोन पावत्या मागितल्या होत्या, त्या मला आजवर कोणी दाखवल्या नाहीत. हिशेबनिसाच्या कानाला हे वाक्य फार परिचयाचे होते. मी कमिटीच्या परवानगीने जुन्या फायली काढल्या. एक पावती सापडली, दुसरी सापडली नाही, आणि तसे कमिटीने त्यांना सहीशिक्क्यानिशी लिहून दिले.

ते परत आमच्या मंडळीत आलेले नाहीत. दुसऱ्या मंडळीत त्यांचे चांगले चालले आहे, तेथे ते शब्बाथशाळेत शिकवतात, आणि बहकलेला कोण होता हा प्रश्न गटात पुन्हा कोणी काढला नाही. दुरुस्तीच्या कामाच्या पावत्या मात्र आता दर तिमाहीला उपासनेनंतर फळ्यावर लावल्या जातात. पुढच्या शनिवारपासून आम्ही आमोस घेतला आहे. आत्यांनी पहिला अध्याय आधीच घरी वाचून ठेवला आहे, आणि त्यांना त्यातील दिमिष्कापासून अम्मोनापर्यंतची शेजारी राष्ट्रांची नावे नकाशात दाखवून हवी आहेत, म्हणून मी नकाशाची झेरॉक्स काढून आणायची आहे.